निऑन मासे जोडीने विकू नयेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अडीच महिन्यांपूर्वी माझ्या नातीच्या सातव्या वाढदिवसाला आमच्या एका स्नेह्यांनी काचेची गोल बरणी आणि तिच्यात निऑन टेट्रा जातीचे दोन मासे भेट दिले. त्यांचा हेतू निर्मळ होता आणि चौकशी करूनच त्यांनी ती खरेदी केली होती. "लहान मासे आहेत, एक जोडी पुरे, बरणीतही राहतील," असे त्यांना दुकानातच सांगण्यात आले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातला एक मासा तळाशी आडवा पडलेला दिसला आणि पाचव्या दिवशी दुसराही गेला. घरी आलेल्या एका पाहुण्या बाईंनी रडणाऱ्या मुलीची समजूत घालताना, माशाने घरावरचे संकट स्वतःच्या अंगावर घेतले, असे आपल्याकडे नेहमी म्हणतात तेच सांगितले. त्यावर तिने माझ्याकडे वळून विचारले, "आजोबा, कुठलं संकट आलं होतं?"

मी सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि जवळजवळ तितकीच वर्षे घरी मासे पाळले. त्या आठवड्यात मी गावी होतो आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी परतलो, तेव्हा मागे राहिलेला मासा मी जवळून पाहिला. निऑनच्या अंगावर नाकापासून पाठीच्या टोकापर्यंत निळी-हिरवी झळाळती रेघ असते आणि तिच्याखाली शेपटीकडच्या निम्म्या भागात लाल पट्टा असतो. अंधारात ही रेघ आपोआप मंदावते आणि उजेड झाला की पुन्हा उजळते; हा मासा मात्र दिवा लावून अर्धा तास झाला तरी राखाडीच होता, प्लॅस्टिकच्या झाडामागे काचेला नाक लावून उभा होता आणि त्याचे कल्ले भराभर उघडमीट करत होते. माझ्या हाताची सावली बरणीवर पडताच तो असा उसळला की काचेवर आपटल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. माशांच्या अंगातून निघून पाण्यात साठणारे विष म्हणजे अमोनिया; तो तपासण्याचे थेंब माझ्याकडे नेहमी असतात. टाकीची घडी बसलेली असेल तर ते थेंब टाकल्यावर नळीतले पाणी पिवळे राहते. या बरणीतले पाणी पाच मिनिटांत गडद हिरवे झाले. मी लगेच पाणी बदलले, परंतु तोवर उशीर झाला होता.

त्या दोन माशांच्या मरणाचे एक कारण पाण्यात होते आणि दुसरे त्यांच्या संख्येत. पाण्याविषयी मासे पाळणारे थोडेफार ऐकून असतात. संख्येविषयी मात्र दुकानात, घरात किंवा शाळेत कोणी बोलताना मला आढळले नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आपल्याकडे शोभेच्या माशांची विक्री जोडीने होते. साताऱ्यात काय किंवा कराड-सांगलीत काय, दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो तो "काका, किती जोड्या देऊ?" हाच. गप्पीसारख्या, पिल्लांना थेट जन्म देणाऱ्या माशांच्या बाबतीत नर आणि मादी वेगळे ओळखू येतात आणि पिल्ले हवी असतील तर नर-मादी मागण्याला काही अर्थ तरी असतो. निऑन टेट्राच्या बाबतीत तोही नाही. दुकानात येणारे निऑन इतके कोवळे असतात की त्यांतला नर कोणता आणि मादी कोणती हे सरावलेल्या माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. जाळीत जे दोन सापडतील ते पिशवीत पडतात आणि त्यांना जोडी म्हटले जाते. मोजायला सोपे म्हणून रूढ झालेले हे माप त्या माशाच्या स्वभावाशी पूर्णपणे विसंगत आहे. निऑन, कार्डिनल, झेब्रा, रासबोरा, तळाशी वावरणारे कोरीडोरस, हे सगळे कळपाने जगणारे मासे आहेत. त्यांना किमान सहाच्या गटात ठेवावे, आणि जागा असेल तर दहा-बारा ठेवावेत. दोन निऑन ही त्यांच्या दृष्टीने जवळजवळ एकटेपणाचीच अवस्था आहे.

कळपाची ही गरज कुठून आली हे समजले तर संख्येचा आग्रह कशासाठी आहे ते पटेल. निऑन हा मूळचा पेरू, कोलंबिया आणि ब्राझील या देशांतून वाहणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या पश्चिमेकडील प्रवाहांतला मासा आहे. १९३०च्या दशकात तो युरोपात पोहोचला आणि १९३६ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले. आज बाजारात येणारे बहुतेक निऑन मात्र आग्नेय आशियात पैदास केलेले असतात. पूर्ण वाढलेला निऑन जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर लांब, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या एका पेराहून थोडा मोठा भरतो. इतक्या लहान जिवाला नदीत मोठ्या माशांपासून वाचण्यासाठी ना काटे आहेत, ना विष, ना कवच. त्याचे संरक्षण एकच, आणि ते म्हणजे आजूबाजूला असलेले त्याच्यासारखेच पन्नास-शंभर मासे. कळप एकदम वळला की शिकाऱ्याला कोणा एकावर नजर धरता येत नाही, आणि पन्नास डोळे पहारा देत असले की प्रत्येकाला निर्धास्तपणे चरायला सवड मिळते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना संवेदनशील छिद्रांची एक ओळ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. शेजारचा मासा कुठे वळला, किती वेगाने निघाला हे पाण्याच्या हालचालीवरून तिला कळते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी समुद्रातल्या सेथ नावाच्या माशांचे डोळे तात्पुरते झाकले, तरी ते आपल्या कळपाबरोबर पोहत राहिले. ज्या जिवाच्या अंगातच शेजाऱ्याची चाहूल घेण्याची अशी व्यवस्था आहे, त्याला बरणीत एकट्या-दुकट्याने ठेवल्यावर ती चाहूल कधीच येत नाही, आणि धोका सतत जवळ असल्यासारखा तो दबून राहतो. तो लपतो, नीट खात नाही, रंग टाकतो आणि रोगाला लवकर बळी पडतो.

हा केवळ माझा अनुभव नाही. २०१० साली ब्रिटनमधील संशोधकांनी घरगुती टाक्यांत नेहमी दिसणारे निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड, टायगर बार्ब आणि एंजल अशा चार जातींचे मासे एकेक, दोन-दोन, पाच-पाच आणि दहा-दहाच्या गटांत ठेवून त्यांच्या वागण्याच्या नोंदी केल्या, आणि अगदी लहान गटात ठेवणे माशांच्या हिताचे नाही असा निष्कर्ष काढला. टायगर बार्बच्या बाबतीत तर आपल्या दुकानांत एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती अशी की हा मासा भांडखोर आहे आणि दुसऱ्यांचे पंख कुरतडतो. दोन किंवा तीनच ठेवले तर तो खरोखरच तसे वागतो. तेच आठ-दहा असले की त्यांचा पाठलाग, रुसवे-फुगवे, मानपान सगळे आपापसांत चालते आणि शेजारच्या माशांकडे ते फारसे फिरकत नाहीत. असे असूनही टायगर बार्बची एक जोडी आणि लांब पंखांच्या एंजलची एक जोडी एकाच पिशवीत बांधून देताना मी पाहिले आहे.

यावर एक रास्त शंका घेतली जाईल, की मासे वाढवले तर गर्दी वाढेल, खर्च वाढेल आणि पाणी लवकर घाण होईल. माझे म्हणणे असे आहे की जाती कमी कराव्यात आणि एका जातीचे मासे वाढवावेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी साताऱ्यात कोणीही काचवाला करून देतो. तिच्यात काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ४५ ते ५० लिटर राहते. या टाकीत आपल्याकडे सहसा काय असते, तर दोन गोल्डफिश, दोन एंजल, दोन निऑन, दोन मोली, एक शार्क म्हणून दिलेला मासा आणि काच साफ करायला म्हणून एक सकर. या सगळ्यांचे पाण्याचे तापमान वेगळे, खाणे वेगळे, वाढ वेगळी, आणि यातला मोठा झालेला एंजल निऑनला सरळ गिळतो, कारण निसर्गातही लहान मासे त्याच्या आहारात असतात. त्याच टाकीत दहा निऑन आणि सहा लहान जातीचे कोरीडोरस आनंदाने राहतात. दहा निऑन मिळून वजनाने एका वाढलेल्या गोल्डफिशच्या जवळपासही पोहोचत नाहीत, त्यामुळे पाण्यावरचा भार उलट हलका होतो. निऑन मधल्या थरात फिरतात, कोरीडोरस तळाशी मिशांनी चाचपत अन्न शोधतात. त्यांच्या मिशांना इजा होऊ नये म्हणून खाली टोकदार खडीऐवजी बारीक, गुळगुळीत, स्वच्छ धुतलेली वाळू घालावी. अशा माशांना उंचीपेक्षा लांबी हवी असते, कारण कळपाला वळायला आणि धावायला आडवी जागा लागते. उभट, सहा कोनी, दिसायला डौलदार टाक्या त्यांच्या कामाच्या नाहीत. वाळू आणि काच धरून भरलेल्या टाकीचे वजन साठ किलोंच्या वर जाते, म्हणून ती हलक्या टीपॉयवर ठेवू नये, हेही जाता जाता सांगतो.

आता पाण्याविषयी, म्हणजेच नातीने विचारलेल्या संकटाविषयी. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले अन्न कुजले की त्यात भर पडते. नदीत तो वाहून आणि विरून जातो, बरणीत साठतो. टाकीत काही आठवड्यांनी विशिष्ट जिवाणू वाढू लागतात, ते अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्राइटही विषारीच असते, आणि मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात माशांना फारसे बाधत नाही आणि पाणी बदलताना निघून जाते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर आणि काचेवर घर करतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर टाकी कितीही चकचकीत दिसली तरी ती माशांसाठी तयार नसते. म्हणून टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणू नयेत. टाकीत पाणी भरून फिल्टर सुरू करावा, रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहावे म्हणजे जिवाणूंना खायला मिळते, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे तपासून मगच मासे सोडावेत. आमच्या घरच्या बरणीत फिल्टर नव्हता, पाणी चार लिटर होते, आणि उत्साहाच्या भरात घरातला प्रत्येक जण दिवसातून दोनदा खाद्य टाकत होता. मी नातीला ती पिवळी आणि हिरवी नळी शेजारी शेजारी धरून दाखवली आणि सांगितले की संकट आपल्या घरावर आले नव्हते, ते माशांवर आले होते आणि ते आपल्याच हातून आले होते. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

माशाने संकट अंगावर घेतल्याची समजूत सांत्वनासाठी सांगितली जाते हे मला कळते, आणि कोणाच्या श्रद्धेविषयी मला कठोर बोलायचे नाही. परंतु तिच्यामुळे मासा का मेला हे कोणी शोधत नाही, तीच बरणी धुऊन पुसून तिच्यात दुसरी जोडी येते, आणि ती गेली की तिसरी. वास्तूसाठी म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवण्याचा जो सल्ला दिला जातो, त्यातही माशांची संख्या माणसाच्या भाग्यावरून ठरते. माशाला किती सोबती लागतात आणि किती पाणी लागते, हा विचार त्यात कुठेच येत नाही.

साताऱ्यापुरत्या काही गोष्टी लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि पावसाळ्यात पाणी गढूळ येऊ लागले की त्याचा वास अधिक जाणवतो. क्लोरीन माशांचे कल्ले भाजते आणि उपयोगी जिवाणूही मारते. पाणी बादलीत दिवसभर उघडे ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब वापरावेत. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलणे पुरते; सगळे पाणी काढून टाकी घासून धुण्याची जी पद्धत घरोघरी आहे, तिच्यामुळे महिनाभरात जमलेली घडी एका सकाळी मोडते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरू नये, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री चांगल्याच गारठतात आणि लहान टाकीचे पाणी पहाटेपर्यंत फार थंड होते; निऑनला २० ते २६ अंशांच्या दरम्यान स्थिर तापमान मानवते, म्हणून त्याला हीटर लागतो, आणि लिटरमागे साधारण एक वॅट हा हिशेब बरोबर बसतो. थंडीत अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येण्याचा रोग बहुधा तापमानाच्या अशा चढउतारानंतरच बळावतो. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हाताशी असावा.

निऑनच्या मूळ प्रवाहांतले पाणी पानगळीमुळे चहासारखे तांबूस आणि सौम्य असते. आपल्या रस्त्यांच्या कडेला देशी बदामाची झाडे आहेत. त्यांची आपोआप गळलेली, पूर्ण वाळलेली, फवारा न मारलेली पाने धुऊन एक-दोन टाकीत घातली की पाण्याला तसाच रंग चढतो आणि मासे निवांत होतात. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी निऑनचा हट्ट न धरता गप्पी, प्लॅटी यांच्याकडे वळावे, कारण त्यांना असे पाणी मानवते.

ज्यांना हीटर आणि औषधांचा खटाटोप नको आहे, त्यांनी झेब्रा मासा पाळावा असे मी आग्रहाने सांगेन. तो आपल्याच देशातला आहे. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करताना त्याची शास्त्रीय नोंद केली. चार-पाच सेंटीमीटरचा, अंगावर निळ्या-रुपेरी आडव्या रेघा असलेला हा मासा थोड्या थंड पाण्यातही तग धरतो आणि दोन फुटी टाकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर धावत असतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. २०१३ साली त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे समरूप जनुक त्याच्यात असल्याचे दिसून आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर काम होते. शाळेच्या वर्गात ठेवायला याहून चांगला मासा नाही, मात्र तोही सहाच्या खाली ठेवू नये. एकटा पडलेला झेब्रा दुसऱ्या माशांच्या मागे लागतो, आणि लोक त्याला खोडकर म्हणतात.

सह्याद्रीतल्याच आणखी एका माशाविषयी लिहायला हवे. 'मिस केरळ' या नावाने विकला जाणारा, अंगावर लाल आणि काळी रेघ असलेला मासा केरळ आणि कर्नाटकातल्या घाटांतील वेगवान नद्यांत कळपाने राहतो. शोभेच्या बाजारासाठी झालेली बेसुमार पकड हे त्याची संख्या घटण्याचे एक मोठे कारण असून जागतिक पातळीवरच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत त्याची नोंद आहे. दुकानात तो दोन इंचांचा दिसतो, पुढे चार-पाच इंचांचा होतो आणि त्याला निदान चार फुटी टाकी व सहा-सात सोबती लागतात. ज्यांच्याकडे इतकी जागा नाही त्यांनी तो घेऊ नये, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी नदीतून पकडलेला न घेता पैदास केलेलाच मागावा.

कळप म्हणजे काय हे पाहायला कोणालाही दुकानात जाण्याची गरज नाही. कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात त्या संगम माहुलीच्या घाटावर, पाणी निवळलेले असताना खालच्या पायरीवर बसून मूठभर चुरमुरे टाकावेत. आधी काहीच दिसत नाही. मग पायरीच्या सावलीतून बोटाएवढ्या रुपेरी मासोळ्या एकदम वर येतात, एकीने चुरमुरा ओढला की बाकीच्या तिच्याभोवती जमतात, आणि आपण पाय हलवला की सगळ्या मिळून, जणू एकाच अंगाने, खोल पाण्याकडे वळतात. मी तीस वर्षांत त्या घाटावर यांतली एकही मासोळी एकटी फिरताना पाहिलेली नाही. विद्यार्थ्यांना मी तिथे घेऊन जात असे, आणि वर्गात दोन तास शिकवून जे समजत नसे ते त्यांना त्या पायरीवर पाच मिनिटांत समजे.

याच घाटाविषयी एक काळजीही आहे. घरातला मासा मोठा झाला, किंवा टाकी आवरायची ठरली, की पुण्य म्हणून तो नदीत किंवा तळ्यात सोडला जातो. विशेषतः काच साफ करतो म्हणून लहान टाकीसाठी दिला जाणारा सकर मासा फूटभराहून मोठा होतो आणि मग तो कोणालाच नको असतो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा उजनी जलाशयात पसरल्याचे वर्तमानपत्रांतून वारंवार आले आहे. मच्छीमारांची जाळी त्याच्या काटेरी अंगाने फाटतात आणि त्याला बाजारात भाव नाही. महाबळेश्वर आणि वाई परिसरातल्या माशांची शास्त्रीय नोंद १९५३ सालीच झालेली आहे, म्हणजे आपल्या नदीत मूळचे काय होते हे आपल्याला माहीत आहे. त्या मासोळ्यांच्या वाट्याला परके मासे येऊ नयेत. टाकीतला मासा कृष्णेत, वेण्णेत, कास तलावात किंवा विहिरीत सोडू नये. दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावा.

दुकानदार बांधवांशी माझे वैर नाही. चेन्नईजवळच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेले मासे जगवणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्यांतले किती वाटेत दगावतात हे नुकसान त्यांनाच सोसावे लागते. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की निऑन, झेब्रा, रासबोरा, टायगर बार्ब आणि कोरीडोरस यांचा भाव जोडीला न लिहिता सहाला लिहावा. सहा घेणाऱ्याला थोडी सवलत दिली तरी चालेल. टाकी घेणाऱ्याला मासे चार-पाच आठवड्यांनी न्यायला सांगावे. असा सल्ला मिळालेला गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येतो, आणि ज्याचे मासे आठवड्यात मेले तो टाकी माळ्यावर टाकून देतो. फिल्टर नसलेल्या गोल बरणीत कुठलाही मासा विकू नये. आमच्या भागातल्या एका दुकानदारांशी मी याविषयी बोललो, तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पुढच्या मालापासून निऑन सहाच्या खाली देणार नाही असे सांगितले. नातीसाठीचे दहा निऑन मी त्यांच्याकडूनच आणले.

तिची दोन फुटी टाकी पाच आठवडे माशांशिवाय चालू होती आणि ती रोज शाळेतून आली की नळीचा रंग वहीत लिहीत होती. मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली, थोडे थोडे टाकीतले पाणी आत घातले, दिवा बंद केला आणि मग जाळीने मासे सोडले. पहिला तासभर दहाही जण कोपऱ्यात एकमेकांना चिकटून होते. संध्याकाळी एक पुढे निघाला, त्याच्या मागे दोन, आणि मग बाकीचे. टाकीच्या मध्यावर आल्यावर सगळ्यांच्या अंगावरची निळी रेघ उजळली. चांगली निगा राखली तर निऑन पाच वर्षेही जगतात, म्हणजे ती बारा वर्षांची होईपर्यंत हे तिच्यासोबत असू शकतात.

संपादक महोदय, दिवाळी आणि त्यानंतरच्या लग्नसराईत बरणी आणि मासे भेट देण्याची पद्धत आपल्या जिल्ह्यात वाढली आहे. त्याआधी आपल्या पुरवणीत एक छोटी चौकट छापावी, अशी माझी आपणास विनंती आहे. कळपाने राहणारे मासे सहापेक्षा कमी घेऊ नयेत, त्यांना दोन फुटांहून लहान टाकीत ठेवू नये, टाकी महिनाभर आधी सुरू करावी आणि नको झालेला मासा नदीत सोडू नये, एवढा मजकूर त्यात पुरेसा आहे. जागा उरल्यास भेट देणाऱ्यांसाठी एक ओळ घालावी, की मूल मासे मागत असेल तर आधी रिकामी टाकी आणि फिल्टर द्यावा, आणि मासे पुढच्या महिन्यात त्या मुलाला बरोबर नेऊन आणावेत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
गोडोली, सातारा